बेळगावातून जनरल इन्शुरन्स ब्रोकर व्हायचंय? आधी 'माणूस कोणाचा' ते ठरवा

आपल्याकडे विम्याचं काम करणाऱ्याला सगळे सरसकट 'एजंट' म्हणतात. त्याच्याकडे दोन-चार कंपन्यांच्या पॉलिस्या मिळू लागल्या की तो लोकांच्या तोंडी 'ब्रोकर' होतो. आरटीओच्या आसपास गाड्यांचा विमा उतरवून देणारा, उद्यमबागेत कारखान्यांच्या फायर पॉलिस्या करणारा, निपाणीत तंबाखूच्या गोदामांचं बघणारा, सगळ्यांना एकच शब्द. कायद्यात मात्र हे दोन शब्द एकमेकांच्या समोरासमोर उभे आहेत. एजंट हा विमा कंपनीचा माणूस, तर ब्रोकर हा गिऱ्हाइकाचा माणूस. एजंट कंपनीच्या वतीने पॉलिसी विकतो, ब्रोकर गिऱ्हाइकाच्या वतीने बाजारात फिरून पॉलिसी घेतो. ब्रोकरला पैसे विमा कंपनी देते, पण बांधिलकी गिऱ्हाइकाशी असते.

परवान्याच्या अटी वाचायला घेतल्यावर पुष्कळांना वाटतं की हे सगळं मुद्दाम अवघड करून ठेवलंय. एवढं भांडवल कशाला, शिकलेली तीन-तीन माणसं कशाला, दुसरा कुठलाच धंदा का चालत नाही? पण ब्रोकर हा गिऱ्हाइकाचा माणूस आहे, एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं ठेवलं तर जवळजवळ प्रत्येक अट आपोआप उलगडते. ज्याच्या सल्ल्यावर कुणी आपला पाच कोटींचा कारखाना सोपवणार, तो सल्ला चुकल्यावर भरपाई देण्याइतका उभा राहू शकणारा असला पाहिजे, आणि त्याचा पाय दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या दावणीला बांधलेला नसला पाहिजे.

ब्रोकरच व्हायला हवं का?

'ब्रोकरचं लायसन काढायचंय' असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गरज याहून लहान परवान्यात भागते, म्हणून आधी बाकीचे दरवाजे बघून घेऊ.

सगळ्यात सोपा दरवाजा पीओएसपीचा, म्हणजे पॉइंट ऑफ सेल्स पर्सनचा. किमान दहावी पास, वय 18 पूर्ण, पॅन आणि आधार, 15 तासांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर एक परीक्षा. हे प्रशिक्षण आणि परीक्षा तुम्हाला नेमणारी विमा कंपनी किंवा ब्रोकर स्वतःच घेतो. दुचाकी, कार, ट्रक यांचा विमा, घराचा विमा, प्रवास, वैयक्तिक अपघात अशा साच्यातल्या पॉलिस्या विकता येतात. खानापुरात किंवा कित्तूरला बसून महिन्याला पन्नास-शंभर गाड्यांचं काम करणाऱ्याला एवढं पुरतं.

दुसरा दरवाजा नेहमीच्या एजन्सीचा. एका एजंटाला एक आयुर्विमा कंपनी, एक जनरल कंपनी आणि एक फक्त आरोग्यविमा करणारी कंपनी असं काम करता येतं. पीकविमा किंवा पतविमा (उधारी बुडण्याचा विमा) असा एकाच प्रकारचा विमा करणाऱ्या कंपन्यांपैकी प्रत्येकी एक वेगळी. ही परीक्षा मराठीत आणि कन्नडमध्येही देता येते, आणि आपल्या भागातल्या माणसाला ही गोष्ट फार मोठी आहे.

तिसरा दरवाजा इन्शुरन्स मार्केटिंग फर्मचा. नेट वर्थ, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम, 10 लाख रुपये लागतं, आयुर्विमा, जनरल आणि आरोग्य या प्रत्येक प्रकारात 6 कंपन्यांपर्यंत करार करता येतात, पण किरकोळ ग्राहकांच्याच पॉलिस्या. सीमाभागात राहणाऱ्याने इथे एका अटीवर बोट ठेवून विचार करावा. मार्केटिंग फर्मचं कार्यक्षेत्र नोंदणी झालेल्या राज्यापुरतंच असतं. बेळगावात नोंदवलेली फर्म अथणीत, रायबागेत, अगदी बिदरलाही काम करील, पण तासाभराच्या अंतरावरच्या चंदगडला नाही. आपले पै-पाहुणे आणि व्यवहार निम्मे सीमेपलीकडे असतात. अशा वेळी ही अट जिथे नको तिथेच आड येते.

ब्रोकरच्या नोंदणीला अशी राज्याची वेस नाही. ती देशभर चालते. बेळगावचं ऑफिस चंदगडच्या काजू कारखान्याचं, कोल्हापूरच्या फौंड्रीचं आणि पणजीच्या हॉटेलचं काम त्याच नोंदणीवर करू शकतं. कारखाने, मालाची वाहतूक, कामगारांची भरपाई, मोठी गट आरोग्य पॉलिसी, इंजिनिअरिंगची कामं असं ज्यांच्या डोक्यात आहे आणि ज्यांना सीमेच्या दोन्ही बाजूंना काम करायचंय, त्यांनीच ब्रोकर परवान्याच्या वाटेला जावं. नुसत्या मोटर पॉलिस्यांसाठी एवढं भांडवल अडकवणं आमच्या मते शहाणपणाचं नाही.

पैसा किती, आणि कुठे अडकतो

ब्रोकरची नोंदणी भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, म्हणजे आयआरडीएआय देतं. बोलताना सगळे 'इर्डा'च म्हणतात. मुख्यालय हैदराबादला. नियम 2018 च्या ब्रोकर विनियमांत आहेत. थेट गिऱ्हाइकांचं काम करणारा डायरेक्ट ब्रोकर, विमा कंपन्यांच्या स्वतःच्या विम्याचं बघणारा रीइन्शुरन्स ब्रोकर आणि दोन्ही करणारा कंपोझिट ब्रोकर असे प्रकार आहेत. भांडवल अनुक्रमे 75 लाख, 4 कोटी आणि 5 कोटी. आपल्याला हवा तो डायरेक्ट ब्रोकर, आणि त्यातही 'जनरल'. आरोग्यविमा आणि अपघातविमा यातच येतात, आयुर्विमा येत नाही.

75 लाख रुपये हे खरोखर भरलेलं भांडवल असावं लागतं. कंपनी असेल तर समभागांचं, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर भागीदारांनी पैशाच्याच रूपात घातलेलं. हे समभाग किंवा भांडवल कुठे गहाण ठेवून कर्ज काढता येत नाही. त्यातले 10 लाख शेड्यूल्ड बँकेत मुदतठेव म्हणून ठेवायचे आणि त्यावर नियामकाच्या नावे लियन, म्हणजे ठेवीवरचा हक्क, नोंदवायचा. नियामकाच्या परवानगीशिवाय ही ठेव मोडता येत नाही.

पुढचा आकडा मात्र फार थोडे लोक नीट वाचतात. नेट वर्थ कायम 50 लाखांच्या वर राहिलं पाहिजे. म्हणजे 75 लाख घालून सुरुवात केली, तरी तोटा सोसायला हातात फक्त 25 लाख आहेत. हिशेब करून बघा. प्रिन्सिपल ऑफिसर (ब्रोकर कंपनीचा मुख्य जबाबदार अधिकारी) आणि दोन पात्र माणसांचे पगार, ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअर, ऑडिट आणि प्रवास मिळून महिन्याला दीड लाख धरले तर वर्षाला 18 लाख. उत्पन्न शून्य असेल तर सतराव्या महिन्यात तुम्ही रेषेच्या खाली. बँकेत पैसे दिसत असतात, पण नोंदणी धोक्यात आलेली असते. उत्पन्न मात्र हळूहळू येतं. वर्षभरात 40 लाखांचा हप्ता गोळा झाला आणि सरासरी 10 टक्के ब्रोकरेज मिळालं असं धरलं, तरी हातात 4 लाखच येतात. म्हणून सुरुवातीलाच थोडं जास्त भांडवल घालणं, निदान गरज पडल्यास ते कोण घालणार हे लेखी ठरवून ठेवणं, याला पर्याय नाही.

फी त्या मानाने किरकोळ आहे. डायरेक्ट ब्रोकरच्या अर्जाबरोबर 25,000 रुपये आणि तत्त्वतः मंजुरी मिळाल्यावर 50,000, वर लागू असेल तो कर. 2018 च्या विनियमांप्रमाणे नोंदणी 3 वर्षांची. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने विमा कायद्यांत मोठी दुरुस्ती केली, त्यात मध्यस्थांची नोंदणी एकदाच करण्याची तरतूद आहे. त्यामुळे अर्ज भरायच्या आठवड्यात नियामकाच्या संकेतस्थळावरची ताजी प्रत उतरवून घ्या आणि वरचे आकडे तिच्याशी ताडून बघा. मित्राने दोन वर्षांपूर्वी पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

पैसा आला कुठून, हा प्रश्न रकमेइतकाच महत्त्वाचा. आपल्याकडे भांडवल बहुतेकदा जमीन विकून, घरच्यांच्या ठेवी मोडून किंवा सोसायटीचं कर्ज काढून उभं राहतं. जमिनीचे पैसे असतील तर खरेदीखत आणि बँकेत जमा झालेली रक्कम यांचा मेळ बसला पाहिजे. खरेदीखतात एक रक्कम आणि बाकीचे रोखीत असा व्यवहार झाला असेल, तर ती रोख या कामाला उपयोगी नाही, कारण ती कुठून आली हे दाखवता येत नाही. सोसायटीचं कर्ज काढून समभाग घेणाऱ्या प्रवर्तकाच्या ताळेबंदात ते कर्ज दिसतंच आणि त्याच्यावर प्रश्न येतो. अर्ज करायच्या आधीची तीन वर्षं सगळ्या प्रवर्तकांची आयकर विवरणपत्रं नीट भरलेली असतील तर निम्मं काम झालं.

माणसं हीच खरी अडचण

बेळगावात 75 लाख उभे करणारे चौघे मिळतील. पात्र प्रिन्सिपल ऑफिसर मिळणं त्याहून अवघड.

प्रिन्सिपल ऑफिसर म्हणजे नियामकाच्या लेखी ब्रोकर कंपनीचा चेहरा. तो पदवीधर किंवा विम्यातली मान्य व्यावसायिक पात्रता असलेला लागतो. मान्यताप्राप्त संस्थेतून 50 तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि मग पुण्याच्या नॅशनल इन्शुरन्स अकादमीची परीक्षा पास व्हायची. बेळगावहून पुणे रात्रभराच्या गाडीचं अंतर, तेव्हा ती अडचण नाही. अडचण अशी की हा माणूस पूर्णवेळ याच कामाचा लागतो. सकाळी शाळेत शिकवून संध्याकाळी ब्रोकरचं बघणारा चालत नाही. निवृत्त काकांचं नाव लावून प्रत्यक्षात काम पुतण्याने करायचं, हेही चालत नाही, कारण नियामक प्रिन्सिपल ऑफिसरला चर्चेला बोलावू शकतं. सागरी विम्यात 'वेअरहाउस टू वेअरहाउस' म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत, हे काकांना सांगता आलं नाही तर अर्ज तिथेच लंगडा होतो.

त्याच्याशिवाय आणखी किमान दोन पात्र माणसं नोकरीत हवीत, तेच प्रशिक्षण आणि तीच परीक्षा झालेली. यांतला एक जण नोकरी सोडून पुण्याला किंवा बंगळूरला गेला की तुमची संख्या अपुरी. आमचा सल्ला असा की दोन लागत असतील तर तिघांना परीक्षेला बसवा. प्रशिक्षणाचा खर्च थोडा असतो, आणि ऐनवेळी माणूस शोधत फिरणं फार महाग पडतं.

या सगळ्यांच्या नावावर जुनी एजन्सी असेल तर ती आधी सोडावी लागते. ब्रोकरच्या खुर्चीत बसलेला माणूस एका कंपनीचा एजंटही असेल, तर तो कोणाचा माणूस हा प्रश्न उभा राहतो. एजन्सी सोडल्याचं पत्र कंपनीकडून लेखी घ्या आणि नियामकाच्या नोंदीतून नाव उतरलंय का ते तपासा. कंपनीने पत्र दिलं पण ऑनलाइन नोंद तशीच राहिली, अशा साध्या कारणाने महिने जातात. घरातल्या कुणाची एजन्सी असेल तर ती अर्जात लपवू नका.

कंपनी काढताना होणाऱ्या चुका

अर्ज कंपनी, एलएलपी किंवा सहकारी संस्था करू शकते. एकट्या माणसाच्या नावाने किंवा साध्या भागीदारी फर्मच्या नावाने ही नोंदणी होत नाही. नावात 'इन्शुरन्स ब्रोकर' किंवा 'इन्शुरन्स ब्रोकिंग' असे शब्द लागतात, आणि नावात इन्शुरन्स हा शब्द वापरायचा म्हणून आधी नियामकाची ना-हरकत घ्यावी लागते. हा क्रम उलटा झाला की कंपनी निबंधकाकडून नावाचा अर्ज परत येतो. बेळगावच्या कंपन्यांचा निबंधक बंगळूरला आहे, पण सगळं ऑनलाइन होतं.

कंपनीच्या उद्देशपत्रिकेत मुख्य उद्देश एकच असला पाहिजे, विमा ब्रोकिंग. नेमकी इथे आपल्या भागातली एक सवय आड येते. एकाच दुकानात आरटीओची कामं, पॅनकार्ड, कर्जाची प्रकरणं, आयकर आणि विमा असं सगळं चालतं. कंपनी काढून देणारा सल्लागारही 'पुढे लागलं तर असू दे' म्हणून उद्देशांत वित्त सल्ला, वाहन सल्ला, मालमत्ता सल्ला अशी भरताड करतो. त्यातली प्रत्येक ओळ पुढे काढून टाकावी लागते, त्यासाठी ठराव, फॉर्म आणि वेळ जातो. पहिल्याच दिवशी पत्रिका लहान आणि नेमकी ठेवा. दुकान चालूच ठेवायचं असेल तर ते वेगळ्या नावाने, वेगळ्या जागेत, वेगळ्या हिशेबात.

कागदपत्रांवरची नावं ही आपली खास डोकेदुखी. कर्नाटकातल्या दहावीच्या मार्क्स कार्डावर अनेकदा आडनाव आधी आणि बाकी नुसती आद्याक्षरं असतात. आधारवर कन्नडमधून इंग्रजीत उतरलेलं नाव वेगळ्या स्पेलिंगचं, पॅनवर वडिलांचं नाव मध्ये घालून पूर्ण, पदवीच्या प्रमाणपत्रावर आणखी तिसरंच. माणूस एकच, नावं चार. परीक्षेला नाव नोंदवायच्या आधीच पॅन आणि आधार एकसारखं करून घ्या, आणि जे बदलता येत नाही त्यासाठी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. परीक्षेच्या प्रमाणपत्रावर चुकीचं नाव आलं तर ते दुरुस्त करण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो.

अर्जासोबत तीन वर्षांचा व्यवसाय आराखडा, संचालकांची माहिती, ऑफिसची व्यवस्था, संगणकप्रणाली, कर्मचाऱ्यांचा तपशील हे सगळं जातं. आराखड्यात फुगवलेले आकडे लिहू नका. पहिल्या वर्षी 10 कोटींचा हप्ता लिहिला की कुठल्या गिऱ्हाइकांकडून येणार हे विचारलं जातं. त्याऐवजी उद्यमबाग, मच्छे, होनगा इथले अमुक प्रकारचे कारखाने, त्यांतले इतके संपर्कात, सरासरी हप्ता इतका, असं लिहिलेलं कुणालाही पटतं. नियामकाकडून प्रश्न आले की सगळ्यांची उत्तरं एकाच वेळी, पुराव्यासकट द्या. अर्धवट उत्तराने प्रश्नांची दुसरी फेरी सुरू होते.

सगळं जुळलं की तत्त्वतः मंजुरी येते. तो परवाना नव्हे. त्यानंतर ठेव, लियन, उरलेली फी, ऑफिस आणि व्यावसायिक चुकीपासून संरक्षण देणारी प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी हे पूर्ण करायचं, मगच नोंदणीचं प्रमाणपत्र. ते हातात पडेपर्यंत एकही पॉलिसी करायची नाही, 'लवकरच तुमच्या सेवेत' असं छापून गिऱ्हाइकं गोळा करायची नाहीत.

ऑफिस उघडताना स्थानिक नियम आहेतच. कर्नाटकाच्या दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणी करा, व्यवसाय कर भरा. पाटीवर 60 टक्के भाग कन्नड असला पाहिजे. 2024 च्या दुरुस्तीनंतर हा नियम कडक झाला आहे, तेव्हा पाटी रंगवायला देण्याआधीच त्या मापात बसवा. उरलेल्या जागेत मराठी घालायला अडचण नाही.

परवाना मिळाल्यावर काय करायचं

गिऱ्हाइकाचा माणूस म्हणजे काय, ते खरं दिसतं इथे. काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाकडून लेखी मॅन्डेट घ्यायचं: अमुक ब्रोकरने माझ्या वतीने अमुक विम्यासाठी कंपन्यांकडून दर मागवावेत. हा एका पानाचा कागद नसेल तर उद्या कुठली कंपनी तुमच्याशी बोलणार नाही, आणि दावा फसला तर तुम्ही कोणत्या अधिकाराने सल्ला दिलात हे दाखवता येणार नाही.

उद्यमबागेतल्या एका मशिनिंग शेडचं उदाहरण घेऊ. मालकाला बँकेने कर्ज देताना फायर पॉलिसी करून दिली, 50 लाखांची, कारण कर्ज तेवढंच होतं. शेड, मशिनं आणि माल मिळून प्रत्यक्ष किंमत 80 लाख. शॉर्टसर्किटने आग लागून 16 लाखांचं नुकसान झालं. मालक म्हणतो, पॉलिसी 50 लाखांची आहे, 16 लाख सहज मिळतील. मिळत नाहीत. 80 लाखांच्या मालाचा 50 लाखांचाच विमा, म्हणजे उरलेल्या 30 लाखांचा धोका मालकाने स्वतःच्या अंगावर घेतला असं धरतात. नुकसानीचाही तेवढाच हिस्सा त्याच्या पदरात पडतो. 16 लाखांपैकी 10 लाखच येतात, त्यातून ठरलेली वजावट. एप्रिल 2021 पासून लहान उद्योगांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही 5 कोटींपर्यंतची आणि भारत लघु उद्यम सुरक्षा ही 5 ते 50 कोटींची पॉलिसी आली. त्यांत 15 टक्क्यांपर्यंत कमी विमा असला तर तो माफ होतो. हाच विमा 70 लाखांचा असता तर तूट साडेबारा टक्के, म्हणजे माफीच्या आत, आणि वजावट सोडून पूर्ण रक्कम मिळाली असती. हप्त्यातला फरक काही हजारांचा आणि दाव्यातला 6 लाखांचा. हे आधी सांगणं हे ब्रोकरचं काम.

त्याच शेडची दुसरी गोष्ट बघायची, पत्ता. मालक जागा वाढवून मच्छेला गेला, मशिनं हलवली, पॉलिसीवर पत्ता मात्र उद्यमबागचाच. विमा त्या जागेवरच्या मालाचा असतो, मालकाच्या मालकीच्या मालाचा नव्हे. म्हणून दरवर्षी नूतनीकरणाच्या आधी ब्रोकरने प्रत्यक्ष जाऊन बघावं: जागा तीच का, कुठलं मशीन नवं आलं, माल किती वाढला, बँक बदलली का.

निपाणीच्या तंबाखूचं पुन्हा वेगळं. हंगामात गोदाम भरलेलं, नंतर रिकामं होत जातं. सरासरीवर विमा उतरवला तर हंगामात कमी पडतो. शिवाय साठवलेला तंबाखू आतल्या आत तापतो. मोठ्या जोखमींच्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत वस्तू स्वतःच आंबून किंवा तापून पेटली तर ते नुकसान मूळ कवचात धरत नाहीत, त्यासाठी जादा कवच घ्यावं लागतं. कोणत्या पॉलिसीत हा अपवाद आहे आणि कोणत्यात नाही, हे शब्द न् शब्द वाचूनच ठरवायचं. ऑगस्ट 2019 च्या पुरात वेदगंगा-दूधगंगेच्या काठची गावं आणि बेळगाव शहरातले सखल भाग पाण्याखाली गेले होते, हे आठवून या पट्ट्यातल्या प्रत्येक पॉलिसीत पुराचं कवच आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हप्ता कमी दिसावा म्हणून ते काढून टाकलेलं असू शकतं.

भाषेची बाजूही सांभाळायला हवी. प्रस्तावाचा फॉर्म इंग्रजीत आणि सही मराठीत असेल, तर मजकूर समजावून सांगितल्याचं व्हर्नाक्युलर डिक्लेरेशन खाली भरतात. ते नुसतं सही मारून टाकण्याचं काम नव्हे. 'आधीचे दावे आहेत का', 'वेल्डिंग चालतं का', 'रात्री माल उघड्यावर असतो का' हे प्रश्न मराठीत विचारून आलेलं उत्तरच लिहिलं पाहिजे. ग्राहकाने मागितलं तर पॉलिसीचं माहितीपत्रक स्थानिक भाषेत मिळायला हवं, असं नियामकाने 2024 मध्ये सांगितलं आहे. ते मागून घ्या. 2023 च्या सुरुवातीपासून प्रत्येक नव्या पॉलिसीला केवायसीही सक्तीची आहे, म्हणजे वर सांगितलेला नावांचा घोळ इथे गिऱ्हाइकाच्याही वाट्याला येतो.

हप्ता पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे विमा कायद्याचं 64 व्हीबी कलम. शनिवारी दुपारी चेक घेऊन 'सोमवारी भरतो' म्हणणाऱ्या ब्रोकरने रविवारच्या आगीची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतलेली असते.

कमिशनमधले पैसे परत देण्याची प्रथा आपल्या बाजारात रुळलेली आहे. कलम 41 ने तिला बंदी आहे आणि दंड 10 लाखांपर्यंत. दुसऱ्याने 10 टक्के परत दिले म्हणून तुम्ही 12 देऊ लागलात, तर तुमच्याकडे शेडवर जाऊन बघायला, दाव्याच्या वेळी नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरसोबत उभं राहायला पैसाच उरत नाही. मग गिऱ्हाइकाचा माणूस असण्याला काही अर्थ उरत नाही. तसंच एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून अधिक हप्ता येता कामा नये. एका साखर कारखान्याच्या जिवावर ऑफिस चालवायचा विचार असेल तर तो आताच सोडा.

पुढे पीओएसपी नेमून खानापूर, चिकोडी, चंदगड इथे माणसं उभी करता येतात. त्यांचं 15 तासांचं प्रशिक्षण, परीक्षेची उत्तरपत्रिका आणि नेमणुकीचं पत्र फाइलमध्ये ठेवा, कारण त्यांनी केलेल्या चुकीला जबाबदार तुम्हीच.

मोटरच्या कामात सीमेमुळे लोकांचा एक गैरसमज असतो की केए-22 च्या गाडीला एक दर आणि एमएच-09 च्या गाडीला दुसरा. थर्ड पार्टीचा दर देशभर एकच, तो सरकार ठरवतं. खासगी कारच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात दरासाठी शहरांचे झोन पाडलेले आहेत, त्यात बेळगाव आणि कोल्हापूर दोन्ही झोन बीमध्ये येतात. बंगळूर आणि पुण्याला नोंदलेली गाडी मात्र झोन एमध्ये, मग ती आज टिळकवाडीत उभी असली तरी.

तक्रारीच्या वेळी मात्र सीमा खरंच आड येते. कंपनीने दावा फेटाळला, तक्रार करूनही महिनाभर उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर व्यक्ती आणि लहान एकमालकी किंवा सूक्ष्म उद्योग विमा लोकपालाकडे जाऊ शकतात, 50 लाखांपर्यंतच्या भरपाईसाठी, फी न भरता. 2021 पासून ब्रोकरच्या चुकीचीही तक्रार तिथे करता येते. बेळगाव, चिकोडी, निपाणीच्या गिऱ्हाइकाचा लोकपाल बंगळूरला, तर चंदगड, गडहिंग्लज किंवा गोव्याच्या गिऱ्हाइकाचा पुण्याला. एकाच ऑफिसातल्या एकाच कपाटात या दोन्ही प्रकारच्या फायली असणार, तेव्हा प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर गिऱ्हाइकाचा जिल्हा आणि त्याचा लोकपाल कुठला, हे लिहून ठेवा.